चार बोटांचं पाऊल

माझी आक्का म्हसावदच्या एका धर्मादाय दवाखान्यात तीस वर्षं सिस्टर होती. बाळंतपणं करायची. सातपुड्यातल्या पाड्यांवरून बायका झोळीत, बैलगाडीत, पुढेपुढे जीपमध्ये कोंबून यायच्या आणि आक्काच्या हाताखाली मोकळ्या होऊन जायच्या. प्रत्येक बाळंतपणाची नोंद ती जाड पुठ्ठ्याच्या रजिस्टरात करायची. आईचं नाव, पाडा, मुलगा की मुलगी, वजन. आणि शेवटच्या रकान्यात बाळाचा डावा पाय, शाईच्या पॅडवर टेकवून कागदावर उमटवलेला.

मोठ्या इस्पितळांतही पाय घेतात म्हणे, पण आक्काचं कारण तिचं स्वतःचं होतं. डोंगरातल्या बाळाला नाव लगेच ठेवलेलं नसायचं, आणि ठेवलं तरी शाळेत गुरुजी दुसरंच लिहायचे. जन्मतारखेचं तर विचारूच नका, आमच्याकडे अर्धा तालुका एक जूनला जन्मलेला आहे. आक्का म्हणायची, "नाव बदलस, तारीख बदलस. पाय त्यानाच ऱ्हास." म्हणून ती पाय घ्यायची. बाळ तासाभराचं असो नाहीतर घटकाभरात जाणारं असो, पाय घेतल्याशिवाय ती नोंद पुरी झाली असं मानायची नाही.

मी तिचा धाकटा भाऊ. शहाद्याला कॉम्प्युटरचे क्लास चालवायचो. पोरांच्या हातात मोबाइल आले आणि क्लास बसले, तेव्हा आक्कानं विश्वस्तांकडे शब्द टाकून मला दवाखान्यात चिकटवलं. केसपेपर छापायचे, औषधांचा साठा बघायचा, प्रिंटर रुसला की समजूत काढायची. आक्का निवृत्त झाली तरी मी राहिलो. गावात सगळे मला साहेब म्हणायला लागले आणि मलाही ते गोड लागलं. खोटं कशाला बोलू?

आता त्या बाईचं सांगतो, कारण सगळं तिच्याशीच येऊन थांबतं.

होळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या भागात भोंगऱ्याचे बाजार भरतात. पाडेच्या पाडे ढोल घेऊन खाली उतरतात, नवे कपडे, चांदीचे दागिने, गुलाल, नुसता दणका असतो. त्या आठवड्यात म्हसावदच्या बाजाराला ती दरवर्षी यायची. पहिल्यांदा दवाखान्यात, मग बाजारात. ओट्याखाली चपला काढायची, आत येऊन आक्कासमोर उभी राहायची आणि दोनच शब्द बोलायची, "पाय दखाड." पाय दाखव.

तिची पहिली खेप आक्काच्या हातची. मुलगी झाली होती, दिवस भरायच्या आत, दीड किलोच्या आतली. नऊ दिवस जगली. फोटो नाही, दाखला नाही, नावसुद्धा ठेवायचं राहिलं. पुढे तिला मुलगे झाले, ते शेताला लागले, पण त्या पहिल्या पोरीचं या जगात एकच काही शिल्लक होतं. आक्काच्या रजिस्टरातलं बोटभर लांबीचं निळं पाऊल. आक्का रजिस्टर काढायची, पान उघडायची. बाई खाली बसायची, तर्जनी त्या पावलावर ठेवायची आणि तशीच बसून राहायची. रडायची नाही. मग उठून पदर सावरायची आणि मीठ-मिरची घ्यायला बाजारात जायची. आक्का तिला पायवाली म्हणायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आलं होतं. आक्कानं असं बघितलं माझ्याकडे की मी उठून प्रिंटरपाशी गेलो.

रजिस्टरं मात्र संपायला आली होती. दवाखान्याचं पत्र्याचं छत गळायचं, कपाटाला खालून वाळवी लागलेली. दोन पावसाळे गेले असते तर भुसाच उरला असता. मी म्हटलं, आक्का, मी या सगळ्या पानांचे फोटो काढून सर्व्हरवर चढवतो. सर्व्हर म्हणजे दवाखान्यातलाच एक जुना कॉम्प्युटर. त्यात डेटाबेस नावाचा माहितीचा साठा बसवायचा, फुकट मिळतो, साऱ्या जगात लोक वापरतात. नोंद क्रमांक टाकला की पान समोर. नंदुरबारच्या डॉक्टरांनाही तिथून बघता येईल.

आक्का निवृत्त झालेली, पण तो कारभार तिचाच. ती म्हणाली, "भाऊ, कागद म्हतारा व्हस, पन मरत नही. तुन्ही मशीन कव्हय मरी, तुले तरी समजी का?" म्हणजे यंत्र कधी मरेल ते मला तरी कळेल का.

मी म्हटलं, तुझं आपलं जुनंच तुणतुणं. आणि दोन उन्हाळे बसून एकेक पान उताणं करून फोटो काढले. ते काम मी मन लावून केलं, हे मला सांगू द्या. पावलाचा एकही ठिपका सुटला नाही. पायवालीचं पान मी तीनदा काढलं होतं, कारण पहिल्या दोन फोटोंत माझ्या अंगठ्याची सावली पडली.

मग प्रश्न आला रजिस्टरांचं काय करायचं. वाळवी कपाटातून खिडकीच्या चौकटीत शिरली होती, विश्वस्त म्हणाले हे बाहेर काढा. मी सहज बोलून गेलो, रद्दीत देऊ. आक्का केवढी भडकली! "यामां लेकरं शेतस भाऊ! लोके भज्या बांधतीन का त्यासमां?"

तिचं खरं होतं. आमच्याकडे देवाचा फाटका फोटोसुद्धा कोणी कचऱ्यात टाकत नाही, पाण्यात सोडतात. जुनी पोथी सोडतात, वरमाला सोडतात. आता ही तर पावलं. ज्यांतली कितीतरी आता मातीत गेलेली. मग आम्ही ठरवलं, प्रकाशा या तीर्थाच्या गावी न्यायची आणि तापीत सोडायची. कोणी म्हणेल, एवढा शिकलेला माणूस, झेरॉक्स तरी ठेवायची. पण आम्हाला त्या दिवशी ते किती योग्य वाटलं होतं म्हणून सांगू! छोटा हत्ती टेम्पो केला. आक्कानं एकेका रजिस्टराला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. तिथल्या बॅरेजच्या बंधाऱ्यामुळे पाणी थांबलेलं, रजिस्टरं लवकर बुडेनात. पुठ्ठे फुगून वर येत होते. मी घाटावरून एक बांबू आणला आणि एकेक रजिस्टर खाली दाबलं. शाई सुटून पाण्याला निळी झाक आली आणि गेली.

स्वतःच्या हातानं दाबलं मी. बांबू घेऊन.

पुढच्या भोंगऱ्याला बाई आली तेव्हा मी तिला खुर्चीवर बसवलं आणि पडद्यावर पान उघडून दिलं. ती बावरली. मग मी ते पाऊल मोठं करून दाखवलं, तळहाताएवढं. ती म्हणाली, "एवढं नही. व्हतं तेवढंच दखाड." मी पुन्हा लहान केलं. तिनं काचेवर बोट ठेवलं, आधी भीतभीत, मग नीट. त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की आज माझ्या कामाचं सोनं झालं.

तिसऱ्या का चौथ्या वर्षी तिच्याबरोबर नवरा आला. त्यानं नवा मोबाइल घेतला होता. पडद्यावर पाऊल आल्याबरोबर त्यानं मोबाइल वर केला, फोटो काढायला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, नाही दादा, हे दवाखान्याचं रेकॉर्ड आहे, याचा फोटो काढायचा नसतो. माहिती बाहेर जाते. सुरक्षेचा प्रश्न असतो.

सुरक्षेचा प्रश्न! हे शब्द मी माझ्या तोंडाने बोललो. त्या माणसानं निमूट मोबाइल खिशात टाकला. उलट "चुकनं साहेब" म्हणाला. मला आजही जेवताना मध्येच ते आठवतं आणि मी ताट सरकवतो.

आता दार कसं उघडं राहिलं ते. नंदुरबारहून डॉक्टरांना बघता यावं म्हणून सर्व्हरला बाहेरून यायची एक वाट ठेवावी लागते. ती मी ठेवली. पासवर्ड मात्र असा घातला होता की मलाच आठवायला घटकाभर लागायची, आणि त्याचा मला मोठा गर्व. पण खोट त्या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरमध्येच निघाली, पासवर्ड विचारायच्या आधीच्या पायरीवर. समजा शेजारणीनं वाटीभर साखर पाठवली आणि निरोप दिला, डबाभर पाठवली आहे, तेवढी परत करा. भोळा माणूस मोजून बघतच नाही. डबा भरायचा म्हणून हाताला लागेल ते त्यात टाकतो, साखर, डाळ, कोनाड्यातल्या किल्ल्यासुद्धा. ते सॉफ्टवेअर तसं वागत होतं. बाहेरच्यानं चिमूटभर मजकूर पाठवून सांगायचं की हा मोठा आहे, आणि सर्व्हर न मोजता आपल्या आठवणीतलं जे असेल ते ओंजळभर परत द्यायचा. असं हजार वेळा मागितलं की कधीतरी त्यात पासवर्ड येतो. कुलूप कितीही मोठं असू दे, घरानंच किल्ली बाहेर दिली तर काय घ्या!

ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी खोट सापडल्याबरोबर सगळ्यांना मेल केला. मलाही आला. मी तो वाचला, हेच तर दुखणं आहे. वाचला नसता तर म्हणता आलं असतं की माहीत नव्हतं. अगदी सरळ लिहिलं होतं, नवी आवृत्ती ताबडतोब बसवा, जमत नसेल तर बाहेरची वाट तरी बंद करा.

आणि दोन दिवसांवर आखाजी.

खानदेशाबाहेरच्या माणसाला आखाजी म्हणजे काय ते कळायचं नाही. म्हटलं तर अक्षय्य तृतीया, पण आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठा सण. वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदाराचं साल त्या दिवशी संपतं, औताला बैल जुंपत नाहीत, कोणी कामाला हात लावत नाही. लेकी माहेरी येतात, लिंबाच्या झाडाला झोके, खापरावरची पुरणपोळी, आमरस, आणि बाप्ये उघड्यावर पत्ते कुटत बसतात, त्याला बायकासुद्धा नाव ठेवत नाहीत. माझ्या एकुलत्या एक लेकीची तर लग्नानंतरची पहिली आखाजी. जावई यायचे होते. मी मनात म्हटलं, चालू मशीनला सणाच्या तोंडावर कोण हात लावतं, काही बिघडलं तर निस्तरायला दोन दिवस जायचे. आखाजी होऊ दे, मग बघू. आपल्या म्हसावदच्या कोपऱ्यातल्या डबड्यात कोणाला काय रस?

हे माझं शहाणपण. बाहेरून आत शिरणाऱ्याला म्हसावद म्हणजे काय ते कशाला माहीत असायला हवं! त्यांची यंत्रं साऱ्या जगातली दारं ओळीनं ढकलून बघतात. ज्या घराचं दार उघडेल ते घर.

तीन दिवस मी पत्ते खेळलो, आमरस ओरपला, लेकीच्या झोक्याला झोका दिला. चौथ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेलो, सर्व्हरपुढे बसलो, एक नोंद क्रमांक टाकला. काही आलं नाही. दुसरा टाकला. आतल्या साठ्यांची यादी उघडली. आमचा साठा नव्हताच. त्या जागी अनोळखी नावाचा एक साठा, आणि त्यात इंग्रजीत एक चिठ्ठी, तुमची माहिती आमच्याकडे आहे, हवी असेल तर अमुक करा. नंतर मी खूप वाचलं, खूप जणांना विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, अशी यंत्रं काही कॉपी करून ठेवत बसत नाहीत. सरळ पुसतात आणि चिठ्ठी टाकून पुढच्या दाराला जातात.

म्हणजे चोरसुद्धा आला नव्हता. कोणी ती पावलं बघितली, त्याला नकोशी वाटली, मग पुसली, असंही झालं नाही. कोणी बघितलंच नाही. हे मला सगळ्यात जास्त टोचतं. शत्रूनं तरी एकदा बघायला हवं होतं.

तुम्ही म्हणाल, बॅकअप? होता की! दुसरी डिस्क होती, रोज आपोआप कॉपी व्हायची, आणि ती त्याच मशीनला जोडलेली होती. तीही साफ. तिसरी प्रत माझ्या मोठ्या पेन ड्राइव्हवर होती. लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ त्यात मावेना, म्हणून हिवाळ्यात मीच ती पुसली होती, नंतर पुन्हा भरू म्हणून. हळदीत नाचणारे व्याही त्यात आहेत. हवे तेव्हा बघता येतात.

डिस्क घेऊन सुरतेला गेलो. तिथल्या माणसानं चार दिवस ठेवून घेतली आणि परत देताना माझ्याकडे न बघता म्हणाला, काका, याच्यावर पुन्हा पुन्हा लिहिलं गेलंय, काही निघणार नाही. परतीच्या बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकवून रडलो. शेजारच्या माणसाला वाटलं घरात कोणी गेलं. त्यानं पाण्याची बाटली दिली.

म्हसावदला आल्यावर नवी आवृत्ती बसवली. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तसं. नऊ मिनिटं लागली. घड्याळ लावून बघितलं मी.

आक्काला सांगायला आठ दिवस घेतले. ती अंगणात गहू निवडत होती. मी सगळं सांगितलं, साखरेच्या डब्यासकट. तिला अर्धं कळलं असेल. मी वाट बघत होतो की ती ओरडेल, सुपाचा एक फटका देईल, लहानपणी द्यायची तसा. ती गहू निवडत राहिली. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "बठ्ठा गयात?" सगळे गेले का?

मी म्हटलं, सगळे.

मग ती म्हणाली, "पायवाली येई. तिले खरं सांगी टाक."

मी हो म्हटलं. आणि तेव्हापासून होळीपर्यंत मी काही माणसात नव्हतो. पोळा आला, दिवाळी आली, मी दिवस मोजत होतो. कधी वाटायचं, बाई यंदा यायचीच नाही. कधी वाटायचं, मरून गेली असेल तर बरं. होय, असंही आलं मनात. कोणाचं मरण आपल्या सोयीसाठी मागायची पाळी आली म्हणजे माणूस किती खाली गेला ते बघा.

पावलाचं काय करणार? नुसती नोंद हवी असती तर आठवून सांगितली असती, वजन सांगितलं असतं, तिच्या पाड्याचं नाव तर मला पाठच होतं. पण पाऊल आठवून कसं काढायचं? मी कागदावर प्रयत्नही केला. वाटोळी टाच, पाच ठिपके. रांगोळीतली लक्ष्मीची पावलं काढावीत तसं ते दिसलं. फाडून टाकलं.

होळीला चार आठवडे राहिले असताना माझी लेक बाळंत झाली, आमच्याच घरी, पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. मुलगी झाली. घरात आनंदीआनंद. बाराव्या दिवशी बाळाला पायांवर घेऊन बसलो होतो आणि तिचा डावा पाय माझ्या हातात होता. तेव्हा ते डोक्यात आलं. कसं आलं विचारू नका. बुडत्याला काडीचा आधार, आणि मी तर नरड्यापर्यंत बुडालेलो.

लेकीला म्हटलं, आक्कासारखा हिचा पाय घेऊन ठेवू या, आठवण. ती हरखली. कपाटातून आक्काचं जुनं स्टॅम्प पॅड मी काढूनच ठेवलं होतं, त्यात चार थेंब शाई घातली. जुन्या पद्धतीचा आखीव कागद घेतला. बाळानं पाय झाडला, पहिला ठसा बिघडला. दुसरा छान आला. तो मी दवाखान्यात नेला, कागदाला चहाचं पाणी लावून वाळवला, घडी घालून सोडली. वरच्या रकान्यांत बाईचं नाव लिहिलं, पाडा लिहिला, आक्कासारखं अक्षर काढलं. मनाशी म्हणत होतो, तिला काय कळणार, तिला फक्त बोट ठेवायचं आहे. तिचं समाधान होईल. यात पाप कसलं! पण आक्काला सांगितलं नाही, आणि जे आपण आक्काला सांगत नाही ते काय असतं हे मला लहानपणापासून माहीत आहे.

बाई आली. त्याच आठवड्यात, त्याच वेळेला. रस्त्यावर ढोल वाजत होते. तिनं चपला काढल्या, आत आली, "राम राम भाऊ" म्हणाली. सवयीनं कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीकडे निघाली. मी म्हटलं, बाई, मशीन बिघडलंय. पण कागद सापडला बघ. जुना कागद.

तिचं तोंड उजळलं. देवाशपथ सांगतो, उजळलं. तिला काच कधीच आवडली नव्हती. ती खुर्ची सोडून पूर्वीसारखी जमिनीवर बसली, पदराला हात पुसला आणि मी तिच्यापुढे कागद ठेवला.

तिनं बोट टेकवलं. मग उचललं. वाकून बघितलं. पुन्हा एकेक ठिपक्यावर बोट ठेवत गेली, अंगठ्यापासून. मोजत होती. शेवटच्या ठिपक्यावर तिचं बोट थांबलं.

"मन्ही पोरनी करंगळी उठेल नव्हती," ती म्हणाली.

आणि त्या क्षणी मला आठवलं. चारच बोटं होती. करंगळी बाळानं वर ओढलेली, कागदाला लागलीच नव्हती. दोन उन्हाळे त्या पानांवर वाकून बसलो, तीनदा फोटो काढला, वर्षानुवर्षं ते पाऊल पडद्यावर उघडून दिलं, आणि मी ते एकदाही बघितलं नव्हतं. मी फक्त माझ्या अंगठ्याची सावली पडली का ते बघत होतो. त्या मशीनला तरी काय बोलू?

 ती माझ्याकडे बघत होती, रागानं नाही. बाजारात बदललेली वस्तू हातात आली तर माणूस बघतो तसं.

"हाऊ कोनना पाय शे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मन्ही नातनी."

"जित्ती शे?"

"शे. तीन आठवडानी."

तिनं झटक्यानं हात मागे घेतला, विस्तवाला लागावा तसा. मग दोन्ही हातांनी कागद उचलला, माझ्या मांडीवर ठेवला आणि हळूच म्हणाली, "जित्ता पोरना पाय मरेलना जागाले ठेवू नही, भाऊ. घर लई जाय. तिनी मायले दे." आणि बाळाला ओवाळून काढावं तसे तिनं कागदावरून हात फिरवून बोटं मोडली. माझ्या नातीची दृष्ट काढली तिनं.

मग मी सगळं सांगितलं. आखाजीचं, मेलचं, तापीचं, सगळं. हात जोडले. तिनं ऐकून घेतलं. दार, साखर, किल्ली हे तिला किती पोचलं कोण जाणे. तिनं एकच विचारलं, तापीत सोडलेल्या वह्या कुठल्या बाजूला गेल्या. मी म्हटलं, बॅरेजच्या अलीकडे, तिथेच बुडाल्या असतील. ती "बरं" म्हणाली. पदर सावरला, चपला घातल्या आणि ढोलांच्या गर्दीत मिसळून गेली.

संध्याकाळी आक्कानं विचारलं, "सांगं का तिले?" मी म्हटलं, सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण तिच्याकडे बघवलं नाही.

कागद घरी आणला. वरचे रकाने कातरून टाकले. फाडणार होतो, पण जिवंत लेकराचा पाय कसा फाडायचा? लेकीनं तो चौकटीत घालून बैठकीच्या खोलीत लावला. आल्यागेल्याला दाखवते, आमच्या पप्पांची कल्पना. लोक वाहवा करतात. चहाच्या पाण्यामुळे कागद कसा जुना, सुंदर दिसतो म्हणतात. मी भिंतीकडे पाठ करून बसतो.

यंदाच्या भोंगऱ्याला मी सकाळपासून दवाखान्याच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसलो होतो. काय सांगणार होतो तिला, मलाही माहीत नव्हतं. दुपारी ती दिसली. नवरा बरोबर होता, मोठा मुलगा आणि एक सून. तिच्या हातात मिठाची पिशवी होती. म्हणजे या वर्षी बाजार आधी झाला होता. ओट्यासमोरून जाताना तिनं माझ्याकडे बघितलं, ओळखीची मान हलवली. चपलांतला पाय जरासा अडखळला असं मला वाटलं, पण ते मला वाटलं असेल. ती न थांबता जीपच्या अड्ड्याकडे गेली. दवाखान्यात आता तिचं काही नव्हतं.